साथीत रात्री पोट उघडायचं असेल तर

ठरवून करायची ऑपरेशनं पुढे ढकलता येतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल काही लिहीत नाही. ही यादी फुटलेल्या अपेंडिक्ससाठी, पीळ पडलेल्या आतड्यासाठी, अपघातात फाटलेल्या प्लीहेसाठी आहे. पुढची साथ करोनाची असो वा आणखी कशाची, श्वासातून पसरणारी असली की हेच लागणार.

आधी बाहेरचा माणूस ठरवा. पीपीई किट, गॉगल, स्वॅब सगळं नंतर. ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) दाराबाहेर, किट न घालता, दुसरं कुठलंही काम न देता उभा केलेला एक माणूस, आणि तोही नावानिशी. ‘असेल की कोणीतरी’ हे चालणार नाही. ते ‘कोणीतरी’ रात्री दोन वाजता सिलिंडर ढकलत वॉर्डात गेलेलं असतं. मागच्या वेळी रक्ताच्या पिशव्या दाराबाहेरच्या स्टुलावर थर्माकोलच्या खोक्यात पडून होत्या आणि आत सिस्टर आर्टरी फोरसेप्सने (रक्तवाहिनी धरायच्या चिमट्याने) काचेवर ठोकत होत्या. एकदा किट चढवलं की आतल्याला पटकन बाहेर जाऊन येता येत नाही. उतरवा, नवीन चढवा, तोवर पेशंटचं बीपी कुठे जाईल ते सांगायला नको.

स्वॅब पाठवा, पण रिपोर्टसाठी अडून बसू नका. अँटिजेन चाचणी अर्ध्या तासात कळते. निगेटिव्ह आली तरी पॉझिटिव्ह समजूनच वागा. पोटाचा सीटी होणारच असेल तर छातीचाही तेव्हाच काढून घ्या.

ऑपरेशन टाळता येतं का, हे मात्र शांतपणे बघा. न फुटलेलं अपेंडिक्स बऱ्याचदा अँटिबायोटिकवर निभावतं. उलट धोका कोविड आयसीयूतल्या पेशंटचा. तो बहुधा डेक्सामेथासोनवर असतो; हे स्टेरॉइड लक्षणं झाकून टाकतं. आत आतडं फुटलेलं असलं तरी ताप नाही, पोट मऊ. तुम्ही हात लावून ‘ठीक आहे’ म्हणता आणि निघून येता. निघू नका. जरा शंका आली तरी एक्स-रे, जमलं तर सीटी. हेपरिनवर (रक्त पातळ करणाऱ्या औषधावर) असेल तर पोटाच्या स्नायूत रक्त साठूनही दुखतं, आणि हेपरिन चालू असतानाही आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊ शकते. पहिल्यात चाकू लावला तर पस्तावाल, दुसऱ्यात थांबलात तर.

नातेवाईक स्वतः क्वारंटाइनमध्ये असतील. संमती व्हिडिओ कॉलवर, साक्षीदारासमोर घ्या आणि गोड बोलू नका. मे २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये २४ देशांतल्या ११२८ रुग्णांचा अभ्यास आला: ऑपरेशनच्या आसपास करोना झालेल्यांपैकी २३.८ टक्के ३० दिवसांत दगावले, निम्म्यांहून अधिक जणांना फुप्फुसाचा त्रास झाला. त्यातली बहुतेक ऑपरेशनं तातडीचीच होती. लस येण्याआधीचे आकडे आहेत, हेही सांगा.

रक्त आधीच सांगून ठेवा. शिबिरं बंद पडली की रक्तपेढी रिकामी होते. आणि पिशव्या दारापर्यंत आल्या म्हणजे पेशंटपर्यंत आल्या असं नाही. बाहेरचा माणूस!

ओटीची हवा तासाला किती वेळा बदलते हे इंजिनिअरला दिवसाउजेडी विचारा. २० वेळा बदलत असेल तर भुलीसाठी श्वासनलिकेत नळी टाकल्यावर १४ मिनिटांत हवेतले ९९ टक्के कण निघून जातात. ६ वेळाच बदलत असेल तर ४६ मिनिटं लागतात. स्प्लिट एसी तीच हवा फिरवतो, त्याला यात धरू नका. नळी टाकताना भूलतज्ज्ञ आणि त्यांचा मदतनीस, एवढेच आत. सर्किटला व्हायरल फिल्टर. कपाटं, जादा ट्रॉल्या बाहेर काढा. म्हणजे ऐनवेळी लागणारा प्रत्येक धागा, प्रत्येक मॉप (रक्त टिपायचं कापड) बाहेरून येणार. कोण देणार? तोच.

एन-९५ आणि शील्डमधून ‘मॉप’ म्हटलेलं ‘स्कोप’ ऐकू येतं. छातीवर मार्करने नावं लिहा. एक मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्पीकरवर ठेवा. पहिल्या चिऱ्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत बाहेरच्याशी कॉल चालू. चार्जिंग बघा.

कॉटरी (विजेवर रक्तवाहिन्या जाळून बंद करणारं यंत्र) कमीवर, धूर ओढायला सक्शन जवळ. दुर्बिणीने करणार असाल तर पोटात भरलेला गॅस फिल्टरमधूनच सोडा. ती सोय नसेल तर सरळ ओपन करा.

पेशंट हलवताना सिलिंडर भरलेला हवा आणि त्याची चावी सोबत. लिफ्ट अडवून ठेवा. कोण? सांगितलंय वर.

किट उतरवताना घाई नको, थकल्यावर चूक इथेच होते. एकाने बघायचं, दुसऱ्याने उतरवायचं. गाऊन-मास्क पिवळ्या पिशवीत, गॉगल लाल, पिशव्या दुहेरी. पुसणं एक टक्का हायपोक्लोराइटने. रजिस्टरमध्ये आत असलेल्या सगळ्यांची नावं. बाहेरच्याचंही लिहा.