बाण डावीकडेच जातायत? साईटला हात लावायच्या आधी हे बघा – बो (धनुष्य) सेट करताना या चुका टाळा

मागच्या वर्षी आमच्या ग्राउंडवर एक तेरा वर्षांची मुलगी यायची. उजव्या हाताने खेळणारी, रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेला बो. दोन महिने तिचे बाण डावीकडेच. साईट, म्हणजे बोवरचं नेम धरायचं साधन, डावीकडे सरकवत सरकवत शेवटी स्क्रूच संपला, पुढे जागाच राहिली नाही. जो येईल तो तिला सांगायचा की तुझा रिलीज, म्हणजे दोरी सोडणं, चुकतोय, बोटं झटकतेस, बोचा हात हलतोय, आणि ती घरी जाऊन आरशासमोर रिलीज करून बघायची. एक दिवस मी तिचे बाण हातात घेतले तर शाफ्टवर, म्हणजे बाणाच्या दांड्यावर, ६०० लिहिलेलं. चाळीस पाउंड ओढणाऱ्या एका सिनियर मुलाने त्याचा जुना सेट तिला दिला होता, अगदी चांगल्या मनाने. पण तिच्या लिम्बवर, म्हणजे बोच्या वाकणाऱ्या पात्यावर, २८ पाउंड, आणि ड्रॉ, म्हणजे दोरी ओढायची लांबी, जेमतेम २६ इंच. तिला १०००-११०० नंबरचा शाफ्ट पाहिजे होता, आणि ती मारत होती जवळजवळ सळई. रिलीजमध्ये तिची काहीच चूक नव्हती.

हे मला फार लागलं, म्हणून हे सगळं लिहून काढतोय. आपल्याकडे बो सेट करणं म्हणजे साईट फिरवणं असं होऊन बसलंय. साईट सगळ्यात शेवटी येते हो. त्याच्या आधी एक क्रम आहे, तो मोडला की पुढचं सगळं चुकीच्या पायावर उभं राहतं, आणि दोष मात्र पोरांच्या हाताला लागतो.

बाण बघून घेतलाच नाही

शाफ्टवरचा नंबर म्हणजे स्पाईन. तो कसा काढतात माहितीय का, शाफ्ट २८ इंचांवर दोन टेकूंवर ठेवायचा, मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगायचं आणि किती वाकतो ते मोजायचं. अर्धा इंच वाकला तर ५००. म्हणजे नंबर जेवढा मोठा तेवढा बाण मऊ, आणि नवीन मुलं नेमकं उलटं समजतात, मोठा नंबर म्हणजे दणकट. बोटांनी दोरी सोडली की बाण सरळ जात नाही, रायझरला, म्हणजे बोच्या मधल्या दांड्याला, वळसा घालून माशासारखा वळवळत जातो. तो वळसा तुमच्या पाउंडेजला, म्हणजे ओढायच्या जोराला, जुळला पाहिजे. फार कडक बाण उजव्या हाताच्या माणसाचा डावीकडे जातो, फार मऊ असला तर उजवीकडे. डावखुऱ्याचं बरोबर उलटं.

अजून एक, लिम्बवर छापलेलं पाउंडेज हे २८ इंच ड्रॉचं असतं. तुमचा ड्रॉ २६ असेल तर प्रत्येक इंचाला साधारण दोन पाउंड वजा करा, म्हणजे २८ पाउंडचा लिम्ब तुमच्या बोटांवर २४च देतो. ग्राउंडवर कोणाकडे बो स्केल (ओढायचा जोर मोजायचा काटा) असेल तर क्लिकरपर्यंत, म्हणजे पूर्ण ओढल्यावर टक् वाजणाऱ्या पट्टीपर्यंत, ओढून मोजा आणि त्या आकड्यावर स्पाईनचा चार्ट बघा, छापील आकड्यावर नाही.

आणि नवीन बाण आणले की लगेच कापायला धावू नका. लांब बाण मऊ वागतो, कापला की कडक होतो, पॉइंट, म्हणजे बाणाचं पुढचं टोक, जड लावला की परत मऊ. आधी लांबच ठेवून मारा, टेस्ट घ्या, मग थोडा थोडा कापा. एकदम दीड इंच कापून आणलेले सेट मी बघितलेत, त्या बाणांचं पुढे काहीच करता येत नाही. बारा बाणांच्या सेटला घरच्यांनी किती महिने पैसे साठवलेले असतात हे ज्याला माहितीय तो असं करणार नाही.

दुसऱ्याचे आकडे आपल्या बोवर

"त्याची ब्रेस हाईट पावणेनऊ आहे, माझी पण तेवढीच कर." हे वाक्य दर आठवड्याला ऐकतो. त्याचा बो ७० इंची, तुझा ६६, दोरी वेगळी, लिम्ब वेगळे. ब्रेस हाईट म्हणजे ग्रिपच्या सगळ्यात खोल जागेपासून दोरीपर्यंतचं अंतर. ६६ इंची बोला साधारण सव्वाआठ ते पावणेनऊ इंच, ६८ला साडेआठ ते नऊ, ७०ला पावणेनऊ ते सव्वानऊ, ही सुरुवात करायची जागा. त्यात तुमच्या बोचा आकडा कानाने शोधायचा. खालच्या आकड्यापासून सुरू करा, सहा बाण मारा, दोरीला चार-पाच पीळ द्या, परत सहा मारा. एका ठिकाणी आवाज एकदम बसतो, खणखणाट जाऊन नुसता 'थप' येतो आणि हाताला झटका कमी लागतो. तिथे थांबायचं आणि आकडा लिहून ठेवायचा. पीळ द्यायचा तो दोरीला आधी ज्या दिशेने आहे त्याच दिशेने, उलटा दिला तर दोरी उकलते.

नवीन दोरी पहिल्या शे-दोनशे बाणांत ताणते, म्हणजे ब्रेस हाईट आपोआप खाली येते, म्हणजे नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण अडकवायची जागा) पण हलतो, आणि माणूस साईट फिरवत बसतो. रोज बोवर दोरी चढवली की पहिलं काम बो स्क्वेअर (दोरीला लावायची काटकोनी पट्टी) लावून ब्रेस हाईट बघणं. अर्धं मिनिट लागत नाही.

लिम्ब सरळ आहेत का हे कोणी बघतच नाही

ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते, म्हणून जरा सविस्तर. बो चढवा, दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवा टेकवा, मागे जाऊन एक डोळा मिटून बघा. दोरी वरच्या लिम्बच्या बरोबर मधून, रायझरच्या मधून आणि खालच्या लिम्बच्या मधून एका रेषेत गेली पाहिजे. लिम्बवर कागदी टेपची छोटी पट्टी चिकटवून मध्यावर पेनाने खूण केली तर अंदाज लावावा लागत नाही. एका बाजूला सरकलेली दिसली तर लिम्ब पॉकेटमधले वॉशर किंवा स्क्रू, जे तुमच्या रायझरला असेल ते, थोडं थोडं हलवा, आणि प्रत्येक वेळी बो उतरवून, परत चढवून, दोन-चार वेळा दोरी ओढून सावकाश सोडून मग बघा. दोरीत बाण नसताना बोटातून सुटू द्यायची नाही, लिम्ब तिथल्या तिथे फुटू शकतो.

काही जण लाँग रॉड (बोच्या पुढे लागणारी, तोल सांभाळणारी लांब दांडी) लावून दोरी रॉडच्या मधून जाते का बघतात. चांगली पद्धत आहे, पण आधी तो रॉड फरशीवर गोल फिरवून बघा. आमच्या इथे एकाने वाकड्या रॉडवरून अख्खी संध्याकाळ लिम्ब सरळ केले, म्हणजे खरं तर वाकडे केले.

लिम्ब वाकडे होण्याचं आपल्याकडचं एक नेहमीचं कारण म्हणजे स्ट्रिंगर (दोरी चढवायचा पट्टा) न वापरता पायात अडकवून बो चढवणं. स्ट्रिंगर बोच्या मानाने फार स्वस्त असतो, घ्याच.

मग टिलर. वरच्या लिम्बच्या मुळापासून दोरीपर्यंतचं अंतर आणि खालच्याचं, दोन्ही मोजा. रिकर्व्हला आपण एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली ठेवतो, त्यामुळे वरचं अंतर सहसा ३ ते ६ मिलिमीटर जास्त ठेवतात. पाउंडेज कमी-जास्त करायला लिम्ब बोल्ट फिरवलात तर दोन्ही सारखेच फिरवा, बो उतरवून फिरवा, आणि कंपनीने सांगितलेल्या मर्यादेपलीकडे सैल करू नका, लिम्ब निसटला तर जीवावर बेतेल. ॲलन की पण बघून घ्या, बऱ्याच अमेरिकन रायझरचे स्क्रू इंचाच्या मापाचे असतात आणि आपल्या हार्डवेअरच्या दुकानातली मिलिमीटरची की घालून जोर लावला की स्क्रूचं डोकं गोल झालंच समजा.

नॉकिंग पॉइंट, रेस्ट, प्लंजर

नॉकिंग पॉइंट काटकोनापेक्षा साधारण अर्धा इंच वर ठेवून सुरुवात करा. वरून खाली येणं सोपं, कारण फार खाली असला तर बाणाचा मागचा भाग रेस्टवर, म्हणजे बाण टेकायच्या तारेवर, आपटतो आणि टेस्टचा निकालच खोटा येतो. पितळी रिंगपेक्षा दोऱ्याचा बांधा, हलका असतो आणि फिरवून वर-खाली करता येतो. नॉक, म्हणजे बाणाच्या मागची खाच, दोरीत टचकन बसावा, बाण दोरीवर लटकवला तर स्वतःच्या वजनाने पडू नये, पण दोरीवर टिचकी मारली की पडावा. घट्ट नॉकमुळे ग्रुप (टार्गेटवरचा बाणांचा झुबका) खराब झालेले मी कितीतरी बघितलेत, आणि सगळ्यांनी आधी प्लंजरच (बाणाला बाजूने टेकणारी स्प्रिंगची खुंटी) फिरवलेला असतो.

रेस्टची तार वरून बघितल्यावर बाणाच्या बाहेर डोकावता कामा नये, जास्तीचं टोक मागे वळवा नाहीतर पिसं घासतात. शंका असेल तर पिसांवर पायात मारायची पावडर मारा आणि एक बाण सोडा, कुठे घासलं ते रायझरवर आणि पिसावर स्वच्छ दिसतं. प्लंजरचं टोक बाणाच्या बरोबर मध्यावर टेकलं पाहिजे. मागून दोरी लिम्बच्या मध्यावर धरून बघितलं की बाणाचं टोक दोरीच्या किंचित बाहेर, म्हणजे उजव्या हाताच्या माणसाला डावीकडे, दिसलं पाहिजे.

बेअर शाफ्ट टेस्ट घाईत

बेअर शाफ्ट म्हणजे पिसं नसलेला बाण, तो काही लपवत नाही, म्हणून ही टेस्ट. १८-२० मीटरवर तीन पिसांचे आणि दोन बिनपिसांचे बाण मारायचे, एकाच नेमाने. आधी वर-खाली बघायचं, डावं-उजवं नंतर. बेअर शाफ्ट ग्रुपच्या वर लागला तर नॉकिंग पॉइंट खाली आहे, तो वर न्या. खाली लागला तर नॉकिंग पॉइंट वर आहे, तो खाली आणा. हे बसलं की मग बाजू बघा. उजव्या हाताच्या माणसाचा बेअर शाफ्ट डावीकडे म्हणजे बाण कडक, प्लंजरची स्प्रिंग सैल करा, थोडं पाउंडेज वाढवा किंवा बाणाचा पॉइंट जड लावा. उजवीकडे म्हणजे मऊ, स्प्रिंग घट्ट करा.

इथे दोन चुका होतात. एक म्हणजे एकाच बाणावरून निर्णय. तो बाण तुमच्याकडूनच वाकडा सुटला असेल तर? निदान चार-पाच राउंड मारा, रोज तेच दिसतंय का बघा. दुसरी म्हणजे एकाच वेळी प्लंजर पण फिरवला, नॉकिंग पॉइंट पण हलवला, ब्रेस हाईट पण वाढवली, आणि मग बाण सुधारले तरी कशाने सुधारले ते कळत नाही, बिघडले तरी कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट, आणि प्लंजर पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही.

ज्याचा ग्रुपच अजून जेवणाच्या ताटाएवढा येतोय त्याने बेअर शाफ्टच्या मागे लागू नये. त्याने बाण योग्य स्पाईनचे घ्यावेत, लिम्ब सरळ करावेत, ब्रेस हाईट ठरवावी आणि रोज मारावं. बारीक ट्यूनिंग ग्रुप आवळला की करायचं.

साईट

बाण जिकडे, साईट तिकडे, एवढंच सूत्र. पण फिरवायच्या आधी स्क्रू सैल नाही ना ते हाताने हलवून बघा. साईट डोळ्यापासून साधारण ९० सेंटिमीटरवर असते, त्यामुळे ती १ मिलिमीटर हलली की ७० मीटरवर बाण जवळजवळ ८ सेंटिमीटर सरकतो. ७० मीटरच्या १२२ सेंटिमीटर टार्गेटवर दहाचं वर्तुळ आहेच १२.२ सेंटिमीटरचं. म्हणजे एका सैल स्क्रूमुळे मधोमध लागणारा बाण थेट नवात जातो.

कंपाऊंडबद्दल थोडंसंच

२०२३ला बर्लिनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये साताऱ्याच्या अदिती स्वामीने आणि नागपूरच्या ओजस देवतळेने कंपाऊंडचं, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या बोचं, वैयक्तिक सुवर्ण आणलं, ओजसने तर फायनलला १५० पैकी १५० मारले, तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक पालक कंपाऊंडच विचारतो. छान आहे, अभिमानच आहे. पण कंपाऊंडची दोरी-केबल घरी काढायला जाऊ नका. बो प्रेसशिवाय (लिम्ब दाबून धरायचं यंत्र) हात घातला तर बोट जाऊ शकतं. दोन्ही कॅम (टोकांची चाकं) एकाच वेळी स्टॉपला लागतायत का एवढं तुम्ही बघा, मित्राला बाजूने बघायला सांगा, बाकी प्रेसवाल्याकडून करून घ्या.

ऊन आणि पाऊस

एप्रिल-मेमध्ये बो गाडीच्या डिकीत ठेवून लग्नाला जाऊ नका. बंद गाडीतल्या उष्णतेने लिम्बचे थर सुटतात. इंडियन राउंडचा (आपल्याकडचा स्पर्धेचा प्रकार) बांबूचा बो असेल तर पावसाळ्यात त्याला ओल धरते आणि तो मऊ पडतो, जमिनीला टेकवून न ठेवता कोरड्या खोलीत, दोरी उतरवून, आडवा ठेवा. कार्बन बाण दगडाला किंवा स्टँडला लागला असेल तर मारायच्या आधी हलका वाकवून, पिळून, कान लावून बघा. कर्रर्र आवाज आला की तो मोडून टाका, नुसता बाजूला ठेवलात तर कोणीतरी उचलून मारेल आणि शाफ्ट हातात घुसेल.

त्या मुलीला शेवटी १००० स्पाईनचे सहा बाण घेतले, बारा परवडत नव्हते. लिम्ब सरळ केले, ब्रेस हाईट साडेआठवर बसली, आणि साईट फिरवत फिरवत परत जवळजवळ मधे आली. आता तिच्या क्विव्हरमध्ये (भात्यात) एक दोनशे पानी वही असते, त्यात ब्रेस हाईट, टिलर, नॉकिंग पॉइंट, प्लंजरचे फेरे आणि प्रत्येक अंतराची साईट, सगळं तारखेसकट. सोबत एक जादा दोरी, तीपण शंभर-दोनशे बाण मारून ताणून घेतलेली, नॉकिंग पॉइंट बांधलेली. मागच्या महिन्यात मॅचच्या सकाळी तिच्या दोरीची सर्व्हिंग (दोरीवर गुंडाळलेला दोरा) उसवली, तेव्हा तिने दोरी बदलली, वही उघडली, स्क्वेअर लावला, दोन पीळ दिले आणि लाइनवर जाऊन उभी राहिली.