रूट कॅनलमधले जंतू आणि औषधाची चकती: नमुन्यापासून झोन मोजेपर्यंत

माझे वडील पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये नोकरीला होते. पेनिसिलिनची किंमत काय असते हे मी कॉलनीतच शिकले. आता बावीस वर्षं सदाशिव पेठेतल्या एका छोट्या लॅबमध्ये सूक्ष्मजीवशास्त्राचं टेबल सांभाळते. एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) करणारी मुलं प्रबंधासाठी दाताच्या मुळातले नमुने घेऊन येतात आणि विचारतात, "मॅडम, कुठलं औषध चालेल?" त्यांना सांगते तेच इथे लिहिते आहे. चकती म्हणजे औषध मुरवलेला कागदाचा छोटा गोल तुकडा; जंतू पसरलेल्या प्लेटवर तो ठेवला की भोवती जंतू न वाढलेलं जे वर्तुळ उरतं, तो झोन.

सगळ्यात जास्त चुका नमुना घेतानाच होतात. रबर डॅम, म्हणजे दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा, लावल्याशिवाय नमुना घेऊच नका. लाळेचा एक थेंब कॅनलमध्ये, म्हणजे दाताच्या मुळातल्या नळीत, उतरला की पुढचं सगळं काम लाळेतल्या जंतूंवर होतं. डॅम, तो दातावर धरून ठेवणारा क्लॅम्प आणि दाताचा वरचा भाग आधी ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने आणि मग २.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटने पुसा. त्यावर ५ टक्के सोडियम थायोसल्फेट फिरवून हायपोक्लोराइट निष्प्रभ करा, नाहीतर तो नमुन्यातले जंतूही मारेल. आता त्याच पृष्ठभागावरून एक स्वॅब (निर्जंतुक कापसाची काडी) घेऊन वेगळा वाढवायला लावा. त्यात काही उगवलं तर त्या दाताचा नमुना बाद.

दात उघडताना फक्त निर्जंतुक सलाईन वापरा. जुनी रूट कॅनल परत करत असाल तर गटापर्चा (कॅनल भरायचा रबरासारखा पदार्थ) विद्रावकाशिवाय काढा. आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरलेलं असेल तर ते सायट्रिक अॅसिडने निष्प्रभ करून घ्या. कॅनल कोरडा असेल तर सलाईनचा थेंब सोडा, फाईलने (बारीक कानशीने) भिंती हलक्या खरवडा आणि पेपर पॉइंट (ओल शोषणारी कागदाची बारीक सुई) पूर्ण लांबीपर्यंत घालून एक मिनिट ठेवा. पेशंटने आधीच गोळ्या घेतल्या आहेत का, हेही विचारा. आपल्याकडे दाढ ठणकली की माणूस आधी मेडिकलमध्ये जातो, मग डॉक्टरांकडे. कुठल्या गोळ्या, किती दिवस, हे कागदावर हवं.

पेपर पॉइंट थायोग्लायकोलेट ब्रॉथमध्ये किंवा आरटीएफमध्ये (दोन्ही वाटेत जंतू जिवंत ठेवणारे द्राव) टाकून लगेच लॅबला पोचवा. एका मे महिन्यात एक मुलगी धनकवडीहून भर दुपारी स्कूटरच्या डिकीत कोरड्या ट्यूबमधून चार पेपर पॉइंट घेऊन आली होती. चारही प्लेट्स कोऱ्या राहिल्या. तोपर्यंत ते दात हायपोक्लोराइटने धुऊन झाले होते, म्हणजे ते नमुने परत मिळणं शक्यच नव्हतं. तिचा चेहरा मला अजून आठवतो. म्हणून आता ब्रॉथच्या बाटल्या मी आदल्या दिवशीच देऊन ठेवते.

लॅबमध्ये नमुना व्होर्टेक्सवर (नळी घुसळणाऱ्या यंत्रावर) हलवून दोन रक्त अगार प्लेट्सवर (रक्त घातलेल्या, जंतू वाढवायच्या जेलीवर) लावा, एक साध्या इनक्युबेटरमध्ये आणि दुसरी अॅनारोबिक जारमध्ये, म्हणजे ऑक्सिजन काढलेल्या बंद बरणीत. मिश्र वाढीवर कधीही चकत्या ठेवू नका. एक वसाहत (एकाच जंतूपासून वाढलेला ठिपका) उचला, शुद्ध करा, ओळख पटवा. जुन्या, न बऱ्या झालेल्या रूट कॅनलमध्ये एन्टेरोकॉकस फिकॅलिस वारंवार भेटतो. ग्रॅम पॉझिटिव्ह (ग्रॅमच्या रंगात जांभळा), जोडीने किंवा आखूड साखळीत दिसणारा, कॅटलेस निगेटिव्ह (पेरॉक्साइडच्या थेंबात बुडबुडे न देणारा), बाइल एस्क्युलिन अगार काळं करणारा आणि ६.५ टक्के मिठातही वाढणारा.

चकत्यांची पद्धत १९६६ साली बावर, कर्बी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. तिची सगळी किंमत शिस्तीत आहे. म्युलर-हिंटन अगारची जाडी ४ मिमी हवी, म्हणजे नेहमीच्या प्लेटमध्ये साधारण २५ मिली. प्लेट पातळ ओतली तर झोन मोठे येतात आणि जंतू उगाच गरीब, म्हणजे औषधाला सहज दाद देणारा, दिसतो. सलाईनमध्ये वसाहती मिसळून गढूळपणा ०.५ मॅकफार्लंडइतका (हे गढूळपणाचं माप) आणा, म्हणजे मिलिलिटरला साधारण १५ कोटी जंतू. तुलनेसाठीचं हे द्रावण मी लॅबमध्येच बनवते: १ टक्का गंधकाम्ल ९९.५ मिली, त्यात १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड ०.५ मिली. काळ्या रेघांच्या कागदासमोर धरून दोन्ही नळ्या ताडून बघा. पंधरा मिनिटांच्या आत स्वॅब बुडवा, नळीच्या कडेला दाबून पिळा, आणि प्लेट ६० अंशांनी फिरवत तीन दिशांना पसरवा. चकत्यांची डबी फ्रीजमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा. थंड डबीत दव धरतं आणि चकत्या खराब होतात. एका प्लेटवर पाचपेक्षा जास्त चकत्या नकोत.

प्रत्येक खेपेला प्रमाणित जंतूही लावा, म्हणजे ज्याचा झोन किती यायला हवा हे आधीच ठरलेलं आहे असा. पुण्यात त्यासाठी लांब जावं लागत नाही, पाषाण रस्त्यावर एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) एनसीआयएम हा जंतूंचा संग्रह आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस एटीसीसी २५९२३ (हा अमेरिकन जंतुसंग्रहातला क्रमांक) या जंतूच्या प्लेटवर १० मायक्रोग्रॅम अँपिसिलिनचा झोन २७ ते ३५ मिमी यायला हवा. नाही आला, तर त्या दिवशीचा एकही आकडा लिहू नका.

आता चकत्या कुठल्या? एन्टेरोकॉकससाठी सिफॅलोस्पोरिन आणि क्लिंडामायसिन ठेवूच नका. त्यांना तो जन्मजात दाद देत नाही, आणि चुकून झोन दिसला तर डॉक्टरांची दिशाभूल होईल. अँपिसिलिन ठेवा, अॅमॉक्सिसिलिनचा अंदाज त्यावरूनच येतो. १७ मिमी किंवा जास्त झोन म्हणजे औषध लागू, १६ किंवा कमी म्हणजे नाही. साध्या चकत्या १६ ते १८ तासांनी वाचता येतात, पण व्हँकोमायसिनला पूर्ण २४ तास द्या आणि प्लेट उजेडासमोर धरून वाचा. झोनच्या आत धुकं किंवा एखादी वसाहत दिसली तर ती दुर्लक्षू नका.

मेट्रोनिडाझोलबद्दल थोडं थांबून सांगते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी हवेत वाढवलेल्या एन्टेरोकॉकसवर ती चकती ठेवली, झोन आला नाही, आणि रिपोर्टवर "रेझिस्टंट" लिहिलं. हे औषध ऑक्सिजन नसलेल्या जागी, जंतूच्या आतच सक्रिय होतं. त्या प्लेटवरून काही सांगण्याचा मला अधिकारच नव्हता. प्रिव्होटेला, फ्युसोबॅक्टेरियम यांच्यासारख्या ऑक्सिजन न सोसणाऱ्या जंतूंसाठी मी चकत्या वापरत नाही. हेमिन आणि व्हिटॅमिन के१ घातलेला ब्रुसेला रक्त अगार घेऊन अगार डायल्यूशन करते (अगारमध्येच औषध वेगवेगळ्या प्रमाणात मिसळते), किंवा ई-टेस्टची, म्हणजे औषधाचं प्रमाण क्रमाने बदलत जाणारी, पट्टी लावते. जार ४८ तास मिटलेला ठेवावा लागतो. मध्ये उघडून डोकावण्याचा मोह आवरा.

एवढं करूनही प्लेट म्हणजे कॅनल नव्हे. प्लेटवर जंतू सुटे असतात. कॅनलच्या भिंतीवर ते चिकट थरात एकमेकांना धरून बसतात, आणि तिथे त्यांना मारायला कितीतरी पट जास्त औषध लागू शकतं. शिवाय दाताच्या मेलेल्या गरात रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे पोटात घेतलेली गोळी तिथे पोचतच नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शनातही हेच आहे: दातावर उपचार होऊ शकत असतील तर अशा बहुतेक दुखण्यांत आधी उपचार करा, अँटिबायोटिक नको. ताप किंवा पसरणारी सूज असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून माझ्या रिपोर्टखाली एक ओळ कायम असते: "हा निकाल सुट्या जंतूंचा आहे. कॅनलची सफाई अनिवार्य."

मुलांना ती ओळ प्रबंधात जशीच्या तशी घ्यायला सांगते. आणि वाचून झालेल्या प्लेट्स १२१ अंशांवर अर्धा तास ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करून) मगच जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकायच्या. वीज जायच्या दिवशी हे काम सकाळीच उरकून घ्या.