सबवूफर कुठे ठेवायचा? आधी सोफ्यावर!

आमचा घोडबंदर रोडचा हॉल जेमतेम १० बाय १५, सबवूफर (बेस, म्हणजे खोल, जड आवाज काढणारा स्पीकर) टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात ठेवला की नुसता घुमायचा, डग्गा आणि ढोल सगळं एकच वाटायचं. मग असं केलं, सबवूफर उचलून सोफ्यावर आपण बसतो तिथेच ठेवला, बेसवालं ओळखीचं गाणं लावलं आणि भिंतीकडेने चक्क रांगत फिरलो, कान जमिनीजवळ (घरचे हसले, हसू दे). जिथे बेस घुमतही नाही, गायबही होत नाही, तीच त्याची जागा. आमच्याकडे ती बाल्कनीच्या दाराशी निघाली, कोपऱ्यापासून दोनेक फूट लांब. खर्च शून्य.

फक्त वायरी काढता-लावताना अँप (अँप्लिफायर) बंद ठेवा, आणि हे उद्योग दुपारी करा, रात्री केलेत तर खालच्या मजल्यावरचे बेल वाजवणारच.