नवा गेम कन्सोल आलाय: कोकणात राहून तो योग्य भावात कसा घ्यावा

देवगड हापूसची पहिली पेटी वाशीला ज्या भावाने जाते, त्या भावाने घरी खायला आंबा कोणी घेत नाही. एप्रिल उजाडला की दर खाली येणार, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नव्या कन्सोलचा, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राचा, विषय निघाला की घरातली मोठी माणसं हाच हिशेब लावतात: "थांब जरा, उतरेल भाव."

एके काळी ते खरंही होतं. सोनी कंपनीचा प्लेस्टेशन 3 हा कन्सोल अमेरिकेत 2006 मध्ये 499 आणि 599 डॉलरला आला, आणि 2009 मध्ये त्याची स्लिम आवृत्ती 299 ला मिळू लागली. पण आताच्या पिढीत उलटं झालंय. प्लेस्टेशन 5 भारतात 2 फेब्रुवारी 2021 रोजी 49,990 रुपयांना आला. पावणेदोन वर्षांनी, नोव्हेंबर 2022 मध्ये, तोच डबा 54,990 झाला. अमेरिकेतही ऑगस्ट 2025 मध्ये त्याची किंमत 50 डॉलरनी वाढली. चिपची टंचाई, जगभरची महागाई, चलनांचे चढउतार, अमेरिकेचं आयात शुल्क अशी एकामागून एक कारणं येत गेली. त्यामुळे छापील किंमत उतरेल म्हणून वर्षानुवर्षं थांबण्यात आता अर्थ नाही. तसंच पहिल्या दिवशी उडी मारण्यातही नाही. मधला रस्ता असा.

1. आधी पूर्ण खर्च कागदावर मांडा

डब्यावरची किंमत ही फक्त सुरुवात. नवा मोठा गेम पाच हजारांच्या आसपास, दुसरा कंट्रोलर (हातात धरून खेळायचं बटणांचं यंत्र) सहा हजारांच्या आसपास. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचं तर बहुतेक विकतच्या गेमना वेगळी वर्गणी लागते. टीव्ही मात्र घरात आहे तोच चालतो, एचडीएमआयचं भोक असलं म्हणजे झालं. दुकानदार 4के टीव्हीही गळ्यात मारू पाहील, तो विषय पुढच्या दिवाळीवर ढकला.

2. डिस्कवाला की बिनडिस्कचा, हे आपल्या इंटरनेटवर ठरवा

मला विचाराल तर कोकणातल्या माणसाने सगळ्यात जास्त विचार इथे करावा. बिनडिस्कचा डिजिटल कन्सोल साधारण दहा हजारांनी स्वस्त असतो, आणि सगळे तिथेच फसतात. त्यात प्रत्येक गेम इंटरनेटवरूनच उतरवावा लागतो. मोठे गेम आता सहज 100 जीबीच्या पुढे जातात. घरात फायबर असेल तर ठीक, रात्री लावून झोपा. पण वाडीत अजून मोबाइलच्या रोजच्या 2 जीबीवर भागत असेल, तर एक गेम उतरवायला पन्नास दिवस लागतील, आणि त्या पन्नास दिवसांत घरातल्या कोणीही व्हॉट्सॲपसुद्धा उघडायचं नाही.

डिस्क घेतली तरी सुधारणांचे अपडेट उतरवावे लागतातच, पण बोजा बराच कमी होतो. शिवाय खेळून झालेली डिस्क विकता येते, अदलाबदल करता येते. चिपळुणात किंवा कुडाळात चार जणांचा गट असला की एकच डिस्क चार घरं फिरते. डिस्कवाल्यासाठी जास्त मोजलेले दहा हजार म्हणजे दोन गेमचे पैसे, ते असे सहज वसूल होतात. डिजिटल गेम तुमच्या खात्याला कायमचा चिकटतो, विकता येत नाही.

3. पहिले काही महिने जाऊ द्या

प्लेस्टेशन 5 ची भारतातली आगाऊ नोंदणी 12 जानेवारी 2021 ला सुरू झाली आणि काही मिनिटांत माल संपला. मग तेच डबे चढ्या भावाने फिरू लागले. निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या स्विच 2 या कन्सोलचे जून 2025 मध्ये पहिल्या चार दिवसांत जगभरात 35 लाखांहून जास्त नग खपले. जपानमध्ये त्याआधी सोडत काढावी लागली, तिला सुमारे 22 लाख अर्ज आले. इतक्या गर्दीत आपण घुसायचं कशाला?

गर्दी ओसरली की सुरुवातीचे दोष कळलेले असतात आणि सणांच्या सवलती लागतात. छापील किंमत न उतरताही भाव उतरतो तो असा: 2023 च्या पावसाळ्यात काही दिवस 54,990 चा डिस्कवाला प्लेस्टेशन 47,490 ला मिळत होता. आपल्याकडे पैसा हातात येतो तो आंबा-काजूच्या हंगामाअखेरीस. जून-जुलैत मासेमारी बंद, त्यामुळे बंदरावरच्या घरांना तेव्हा हात आखडावा लागतो. म्हणून मे महिन्यात रक्कम बाजूला काढावी आणि गणपती ते दिवाळी या काळात सवलतीवर डोळा ठेवावा.

4. छापील किमतीच्या वर एक रुपया देऊ नका

एमआरपीमध्ये सगळे कर धरलेले असतात. "माल नाही, पाच हजार जास्त द्या" म्हणणारा दुकानदार कायदा मोडतो. "सोबत हे दोन गेम घेतलेत तरच कन्सोल मिळेल" ही सक्तीही ग्राहक संरक्षण कायद्यात प्रतिबंधक व्यापारप्रथा मानली जाते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. अनेकदा तिथे फोन करतो म्हटलं तरी काम होतं.

ऑनलाइन मागवताना आपला पिनकोड टाकून बघा. माल पोचत नसेल तर डोंबिवली-विरारच्या नातेवाइकांचा पत्ता द्यावा आणि गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याबरोबर डबा मागवावा. पोचवताना ओटीपी तुमच्याच फोनवर येणार, तेव्हा त्या दिवशी फोन जवळ ठेवा. डबा फोडताना त्या नातेवाइकांना व्हिडिओ काढायला सांगा. बिल मात्र तुमच्याच नावाचं हवं.

5. आखातातून आणायचा असेल तर

रत्नागिरी-रायगडात कोणाचा तरी मामा दुबईत किंवा मस्कतला असतोच. निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकत नाही, त्यामुळे स्विच 2 साठी हा मार्ग बरा. फक्त तीन गोष्टी बघा. हमी बहुतेक वेळा खरेदीच्या देशापुरतीच असते. विमानतळावर करमाफी ठरावीक रकमेपर्यंतच मिळते, ती आधी पाहून घ्यावी आणि बिल जवळ ठेवावं. आणि भलताच स्वस्त स्विच 2 दिसला तर तो जपानी भाषेपुरता आहे का ते विचारा. 2025 मध्ये 49,980 येनला आलेला तो नग फक्त जपानी भाषेत चालतो आणि त्याला जपानमधलंच खातं जोडता येतं.

तिकडच्या चार्जरची चौकोनी पिन आपल्या सॉकेटात बसत नाही. ॲडॉप्टर बाजारात मिळतो.

6. "बिनव्याजी" हप्त्याचं गणित करा

नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याजाइतकी सूट आधी देतात, पण बँक त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी घेतेच. पंधरा टक्के दराने 54,990 च्या बारा हप्त्यांत व्याज चार-सव्वाचार हजार होतं, म्हणजे साडेसातशेच्या आसपास कर, वर प्रक्रिया शुल्क. रोख घेतल्यावर मिळणारी सवलत याहून मोठी असेल तर रोखच घ्या.

7. घरी आणल्यावर

महावितरणची वीज पावसाळ्यात कशी नाचते ते सांगायला नको. खेळ चालू असताना वीज गेली तर जतन होत असलेली फाइल बिघडू शकते, म्हणून टीव्ही आणि कन्सोल दोन्हींचा भार सोसणारा छोटा यूपीएस घ्या. तासभर खेळण्यासाठी तो नाही, नीट बंद करायला पाच मिनिटं मिळाली तरी पुरे. कन्सोल बंद कपाटात कोंबू नका. मे महिन्यात खोली तापते आणि सोनी प्लेस्टेशन 5 साठी 35 अंशांपर्यंतच तापमान सांगते. समुद्राकडच्या खिडकीखालीही ठेवू नका, खाऱ्या दमट हवेने लोखंड गंजतं तसे सर्किटचे जोडही खराब होतात.

सेवा केंद्र जवळ नसेल तर बिघडल्यावर कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागू शकते. म्हणून मूळ खोका आणि आतलं पॅकिंग माळ्यावर जपून ठेवा. ढग गडगडू लागले की प्लग काढाच, आणि राउटरकडून येणारी वायरही काढा. वीज त्या वाटेनेही आत येते.