उरलेल्या अन्नाचे डबे घेताना या चुका टाळा

डबे घ्यायला गेलेलं माणूस आधी झाकण बघतं. चारही बाजूंनी खटके आहेत का, उलटा धरला तर पाणी गळतं का. मग रंग. मग सेटमध्ये नग किती. रात्री उरलेला भात या डब्यात किती उंच थराने बसेल, हा प्रश्न दुकानात कुणाला पडत नाही. घरात अन्न आंबतं ते मात्र बऱ्याचदा नेमकं त्यामुळेच, आणि बोल लागतो फ्रिजला.

उभा डबा, दाबून भरलेला भात

मे महिना, दहा पाहुणे जेवून गेलेत, मसालेभात उरलाय. दुपारी दोनला माळ्यावरून पाच लिटरचा उभा स्टीलचा डबा निघतो. भातवाढीने भात दाबून दाबून भरला जातो, वर झाकण गच्च, आणि डबा ओट्यावर. कारण ‘गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवू नये’ हे सगळ्यांना पाठ असतं. संध्याकाळी सहाला डब्याला हात लावून बघतात. बाहेरून गार लागतो, म्हणून आत जातो. दुसऱ्या दिवशी कडेचा भात मोकळा निघतो, पण मधोमध भातवाढी खुपसली की गोळा वर येतो: चिकट, आंबूस वासाचा, बोटाला तार धरणारा. मग घरात चर्चा. तांदूळ नवा होता, खोबरं जास्त पडलं, फ्रिजचा गॅस गेला. मेकॅनिक येऊन पाहून जातो. फ्रिज ठणठणीत असतो.

भात आतली उष्णता फार सावकाश सोडतो. स्टीलचा पत्रा लगेच गार होतो, म्हणून हाताला फसवतो. १५-२० सेंटीमीटर उंच दाबलेल्या भाताचा गाभा मात्र तासन्‌तास कोमट राहतो. ५ ते ६० अंश सेल्सियस या पट्ट्यात जंतू वाढतात आणि डब्याचा मधला भाग दुपारभर त्याच पट्ट्यात बसून असतो. भातात बॅसिलस सीरियस नावाचा जिवाणू सापडतो. त्याचे बीजाणू शिजवून मरत नाहीत, आणि कोमट भातात वाढताना तो जे विष सोडतो, त्यातलं उलटी करवणारं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून ‘सकाळी फोडणी देऊन खरपूस परतला की झालं’ हे इथे चालत नाही. फोडणीचा भात जरूर करा, पण रात्रीच गार करून ठेवलेल्या भाताचा.

डबा घ्यायचा तो पसरट. त्यात अन्नाचा थर ५ सेंटीमीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही. मोजपट्टी नको, आडवी तीन बोटं लावून बघा. थर निम्मा केला की गाभा गार व्हायला साधारण चौथा हिस्सा वेळ पुरतो. म्हणजे एकाऐवजी दोन डबे घासावे लागले तरी तो सौदा स्वस्तच.

भात आधी परातीत पसरायचा, पंख्याखाली १५-२० मिनिटं, मग डब्यात. आमटी-रस्स्याचं पातेलं गार पाणी घातलेल्या परातीत ठेवायचं आणि पळीने ढवळत राहायचं. परातीतलं पाणी गरम झालं की एकदा बदलायचं. नुसतं झाकून ठेवलेलं पातेलं याच्या पासंगालाही पुरत नाही. गॅस बंद केल्यापासून दोन तासांच्या आत अन्न फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. खोलीत ३२ अंशांच्या वर पारा असेल, म्हणजे विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळाभर, तर एकाच तासात. गरम न ठेवण्याचा नियम भरलेल्या उकळत्या पातेल्यासाठी बरोबर आहे, कारण ते शेजारचं दूधही तापवतं. वाफ थांबलेल्या कोमट, पसरट डब्याने फ्रिजला काही होत नाही. गार झाल्याची खात्री होईपर्यंत थांबणारी मंडळीच जास्त अन्न टाकून देतात.

फुकटात आलेले डबे

आईस्क्रीमचा, श्रीखंडाचा, हॉटेलच्या पार्सलचा डबा टाकवत नाही, हे कळतं. चिरलेली कोथिंबीर, सोललेला लसूण, भिजवलेले वाल खुशाल ठेवा त्यात. गरम आमटी नको.

डबा उलटा करा. तळाला त्रिकोणात आकडा असतो. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. उरलेल्या अन्नासाठी प्लास्टिक घ्यायचंच तर हे. १ असेल तर ते पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, सुमारे ७० अंशांनाच मऊ पडतं. फरसाणाच्या रिकाम्या बरणीत गरम सार ओतलं की बरणी कमरेत आखडते, ती याच गुणाने. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. गरम नाही, तेलकटही नाही. आकडाच नसेल तर तो डबा खिळे-स्क्रू ठेवायला.

पण ५ आकडा म्हणजे सगळं माफ, असंही नाही. पार्सलच्या डब्याची भिंत कागदासारखी पातळ असते, तो एका फेरीसाठीच बनवलेला असतो. मिसळीचा कट त्यात घालून मायक्रोवेव्ह केला की पाणी १०० अंशांवर थांबतं, वर तरंगणारी तर्री त्याच्या पुढे जाते. नंतर डबा घासून कोरडा करा आणि आतून, जिथवर रस्सा होता तिथे, नख फिरवा. पांढरट, खरखरीत कडं लागेल. तेलाने तिथे प्लास्टिक खाल्लेलं असतं. असा डबा अन्नातून बाद. नुसता हळदीचा पिवळेपणा मात्र बाद करायचं कारण नाही. हळदीचा रंग तेलात विरघळून प्लास्टिकमध्ये शिरतो, घासून निघत नाही, पण उन्हात उडतो. धुतलेला डबा एक-दोन दिवस उन्हात उपडा न ठेवता उताणा ठेवा. तारेच्या घासणीने रगडणाऱ्यांचा डाग राहतो तो राहतोच, वर चरे पडतात, आणि चऱ्यांत तेल आणि वास घर करतात.

‘बीपीए-मुक्त’ (बीपीए म्हणजे बिस्फेनॉल ए, काही प्लास्टिक बनवताना लागणारं रसायन) या चिकटपट्टीचे जादा पैसे देऊ नका. पॉलिप्रॉपिलीनमध्ये बीपीए नसतंच. ते पॉलिकार्बोनेटच्या, ७ आकड्याच्या कडक पारदर्शक डब्यांबाबत विचारायचं असतं.

स्टील घेताना लोहचुंबक काढणारे

चुंबक चिकटलं नाही की स्टील अस्सल, अशी समजूत भांड्यांच्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय. ३०४ प्रतीचं स्टील (साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल) चुंबकाला बहुधा चिकटत नाही, हे खरं. पण २०२ प्रतीचं, निकेल कमी करून मँगनीज घातलेलं स्वस्त स्टीलही चिकटत नाही. म्हणजे ज्या दोघांत फरक करायचा, तिथेच चुंबक मुकं. त्यात ३०४ पत्रा दाबून डबा काढला की वळणाशी किंचित चिकटूही शकतो. तळावर ३०४ कोरलेलं बघा, आयएसआय चिन्हाच्या वर आयएस १४७५६ (स्टीलच्या भांड्यांचं मानक) आहे का बघा, बिलावर प्रत लिहून मागा. हलक्या स्टीलला मीठ सोसत नाही: लोणच्याचा खार, खारवलेली मिरची आठ-पंधरा दिवस राहिली की तळाला टाचणीच्या टोकाएवढे काळे खड्डे पडतात. लोणचं काचेत किंवा चिनी मातीतच.

बाकी रोजच्या उरल्यासुरल्याला पसरट स्टीलसारखं दुसरं काही नाही. वास धरत नाही, रंग धरत नाही, पडला तरी पोचा येतो इतकंच. आत काय आहे ते दिसत नाही, म्हणून झाकणावर कागदी चिकटपट्टी लावून वार लिहा. शिजवलेलं अन्न तीन-चार दिवस, भात दुसऱ्या दिवशी संपवायचा. ‘वास घेऊन बघू’ ही तपासणी नव्हे. आजारी पाडणारे बरेच जंतू वास सोडत नाहीत.

काच

मासे, सुकट, लसणाची चटणी, कोकम-चिंच घातलेलं काही असेल तर काच. पेटीवर बोरोसिलिकेट हा शब्द हवा. साधी सोडा-लाइम काच तापली की बोरोसिलिकेटच्या जवळपास तिप्पट प्रसरण पावते, म्हणून ताण सोसत नाही. बोरोसिलिकेट मिळाली म्हणूनही अंगात येऊ नये. फ्रीझरमधला डबा थेट गॅसवर नाही, आणि मायक्रोवेव्हमधून निघालेला गरम डबा ओल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर तर नाहीच. खाली कोरडं फडकं घाला. झाकण प्लास्टिकचं असतं हे विसरून खटके लावून मायक्रोवेव्ह करणाऱ्यांना डब्याचं झाकण मिळेल, भिंतीवरची आमटी मात्र पुसावी लागेल.

बाकीच्या, पटापट

पितळी भांड्याची कल्हई गेली असेल तर त्यात आमटी ठेवू नका, कळकते. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात टोमॅटोचं सार रात्रभर नको.

फ्रीझरमध्ये डबा काठोकाठ भरू नका. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, दोन-तीन सेंटीमीटर जागा सोडा.

पोळ्या गरम असताना बंद डब्यात नकोत. वाफ झाकणाला लागून परत पोळीवरच टपकते. आधी जाळीवर, मग सुती फडक्यात, मग डब्यात.

वर्तमानपत्रात भजी, पोळी, काहीही गुंडाळू नका. छपाईची शाई तेलात उतरते. अन्न बांधायला वर्तमानपत्र वापरायला २०१८च्या पॅकेजिंग नियमांनी बंदीच केली आहे.

चोवीस नगांचा सेट घेऊ नका. चौघांच्या घराला अर्ध्या लिटरचे पाच पसरट, एक लिटरचे दोन, चटणी-कोशिंबिरीला दीडशे-दोनशे मिलिलिटरचे चार पुरतात. प्रत्येक मापाचे सगळे डबे एकाच बनावटीचे घ्या, म्हणजे कुठलंही झाकण कुठल्याही डब्याला बसतं.

झाकणातली सिलिकॉनची रिंग महिन्यातून एकदा तरी निघालीच पाहिजे. चमच्याच्या दांडीने एका कोपऱ्यातून उचला, सुरीने नाही, फाटते. खाचेत काळी बुरशी दिसली तर दचकू नका. साबणाच्या गरम पाण्यात जुन्या टूथब्रशने घासा. वास उरला तर पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून रिंग रात्रभर बुडवून ठेवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. आणि गरम असताना लावलेलं झाकण गार झाल्यावर उघडेनासं झालं, तर ओढाताण करू नका. आतली वाफ गार होऊन पाणी झालेली असते, म्हणून हवा कमी पडून झाकण आत ओढलं जातं. झाकणावर गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं दोन मिनिटं ठेवा आणि एका कोपऱ्याशी रिंग जरा दाबा. सुस्स आवाज आला की निघतं.