शाळेच्या बँडची तयारी: आधी दुसरा हात शोधा

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच सभेत कामं वाटली जातात, आणि ज्याच्या तोंडून कधीकाळी 'मला थोडी पेटी येते' असं निघून गेलेलं असतं त्याच्या गळ्यात बँड पथक पडतं. तुमच्या पडलं असेल तर हे वाचा. माझ्या गळ्यात पडल्यावर एक 26 जानेवारी मी अशी घालवली, की नंतर महिनाभर चहाला स्टाफरूमऐवजी टपरीवर जात होतो. त्या दिवशी काय राहून गेलं होतं ते पुढे येईलच, आणि पुन्हा पुन्हा येईल, कंटाळू नका.

आधी कपाट उघडा आणि वाद्यं मोजा. गणवेश, टोप्या, पांढरे मोजे हे सगळं हेडसरांच्या मागे लागून होतं. वेळ द्यायचा तो ड्रमना. उन्हाळाभर बंद खोलीत पडलेल्या साइड ड्रमचे, म्हणजे दोन काड्यांनी वाजवायच्या छोट्या ड्रमचे, स्क्रू गंजलेले असतात, खालच्या तारा एका बाजूला लोंबत असतात आणि दोन-चार काड्या हमखास टोकाला चिरलेल्या निघतात. पान, म्हणजे ड्रमच्या तोंडावर ताणलेला पडदा, आवळताना स्क्रू ओळीनं फिरवत जाऊ नका. जीपच्या चाकाचे नट कसे समोरासमोरचे आवळतात, तसे आवळा, थोडे थोडे. नाहीतर पान एकीकडे ताणलेलं आणि एकीकडे सैल राहतं आणि मुलाला वाटतं त्याचाच हात चुकतोय. कातडी पान असेल तर पावसाळ्यात ते ओल धरतं आणि 15 ऑगस्टला नेमका भद्द आवाज येतो, त्यामुळे सकाळी आवळायला वेळ ठेवा. प्लॅस्टिकच्या पानाला ओलीचं भय नाही, पण आगीचं आहे. आमच्याकडे शिपाईमामांनी मोठ्या मायेनं ते पेटत्या कागदावर शेकलं होतं.

दुरुस्तीसाठी गावातल्या लग्नाच्या बँडवाल्याकडे जा, आणि आषाढातच जा. चातुर्मास लागला की त्याच्याकडे लग्नाच्या सुपाऱ्या नसतात. तो निवांत बसतो, पट्टे शिवून देतो, तारा बसवून देतो आणि वर चार गोष्टी शिकवतोही. तुळशीचं लग्न लागलं की तोच माणूस फोन उचलत नाही.

आता मुलं. इथेच मी फसलो, म्हणून इथे थांबतो. प्रत्येक वाद्याला दुसरा हात हवा. प्रत्येक. म्हणजे ते वाद्य वाजवणारं आणखी एक मूल, खालच्या वर्गातलं. बास ड्रमला, म्हणजे पाऊल धरून देणाऱ्या मोठ्या ड्रमला, तर तिसराही हात हवा. तुम्ही म्हणाल, वाद्यंच दहा आहेत, वीस पोरं कुठे उभी करू? उभी करा. मी केली नव्हती. उंच, दणकट, ताल पक्का असलेली दहा मुलं घेतली, त्यातली सहा दहावीची. ऑगस्टमध्ये काय बँड वाजला! पाहुण्यांनी थांबून ऐकला. मी खूश. दहावीची पूर्वपरीक्षा जानेवारीत असते हे मला, एका दहावीच्याच वर्गशिक्षकाला, कळायला नको होतं का?

25 जानेवारीच्या संध्याकाळी बास ड्रमवाल्याचा निरोप आला, 'सर, बाबा नको म्हणाले.' बाबांचं चूक नव्हतं. सकाळी मी ड्रम झांज वाजवणाऱ्या मुलाच्या गळ्यात अडकवला. पट्टा सैल, ड्रम गुडघ्यावर आपटतोय, आणि पोरगं घाबरून दर ठोक्याला हाताकडे बघतंय. जड ठोका डाव्या पावलावर पडायचा तो दुसऱ्याच वळणाला उजव्यावर गेला. मागची तुकडी पाय बदलायला लागली, तिच्या मागची तिला बघून बदलायला लागली, आणि झेंड्यासमोरून निम्मी शाळा लंगडत गेली.

तेवढ्यानं झालं नाही. दुपारी वाद्यं कपाटात ठेवताना मागून बास ड्रमचा आवाज आला. सावकाश, बरोबर, डाव्यावर जड आणि उजव्यावर हलका. सातवीतली एक मुलगी. तिचा भाऊ बासरी वाजवायचा, त्याच्यासोबत घरी जायचं म्हणून ती सहा महिने रोज कट्ट्यावर बसून सराव बघत होती. म्हटलं, 'अगं, तुला येतं तर सकाळी बोलली का नाहीस?' म्हणाली, 'सर, तुम्ही कुठे विचारलंत?'

तेव्हा विचारा. कट्ट्यावर कोण बसलंय ते बघा. सातवी-आठवीची मुलं घ्या, दहावीच्या मुलांना पंधरा ऑगस्टपर्यंत मान द्या आणि दिवाळीनंतर त्यांच्या हातातलं वाद्य खालच्या वर्गाकडे जाईल हे जूनमध्येच, पालकांसमोर सांगून टाका.

दुसरा हात नुसता नेमून चालत नाही. ज्याला वाजवायला मिळत नाही तो चौथ्या दिवशी कबड्डीला जातो, आणि त्याचं बरोबरच आहे. त्याच्या हातात काहीतरी द्या. जुन्या सायकलची ट्यूब फळीवर ताणून खिळ्यांनी बसवली की सरावाची पाटी तयार होते. काडी उसळते, आवाज होत नाही, शेजारच्या गणिताच्या बाई तक्रार करत नाहीत. साइड ड्रमचा रोल, म्हणजे सलग घुमणारे ठोके, शिकवताना दोन ठोके उजव्या हाताचे, दोन डाव्या हाताचे. मी 'आई-आई, बाबा-बाबा' म्हणवून घेतो. आधी मुंगीच्या चालीनं. दोन्ही हातांचा आवाज सारखा आल्याशिवाय वेग वाढवू नका, पोरं कितीही कुरकुरली तरी. बहुतेकांचा डावा हात आळशी असतो, म्हणून आठवडाभर सगळं 'बाबा'पासून सुरू करायचं.

ढोल-ताशा पथकात जाणारी मुलं असतील तर त्यांच्या मनगटाला तोड नाही, फक्त त्यांना थांबायला शिकवावं लागतं. आणि गणपतीच्या आधी ती तुमची नसतात, हे धरून चाला. पुन्हा तेच, दुसरा हात.

माझा आता नियम आहे, शुक्रवारी पहिले हात खाली. वाद्य दुसऱ्या हाताकडे आणि पहिल्यानं शेजारी उभं राहून तोंडानं मोजायचं. यात गंमत अशी, की शिकवणारा जास्त सुधारतो. जे हात नकळत करत होते ते तोंडानं सांगावं लागलं की स्वतःची चूक लगेच दिसते. शिवाय आठवड्यातून एक दिवस परिपाठाला राष्ट्रगीत दुसऱ्या हातांनी वाजवायचं. समोर सगळी शाळा आहे, पण पाहुणा नाही. चुकलं तर मंगळवारी पुन्हा. वाद्य हातात घेऊन एकदा चारचौघांत उभं राहिलेलं पोर सहसा सराव चुकवत नाही.

बासरीवाल्यांना सुरुवातीला पाच-पाच मिनिटंच द्या. नवी मुलं जोर लावून फुंकतात, सूर लागत नाही आणि डोकं मात्र गरगरतं. सगळ्या बासऱ्या एकाच पट्टीच्या, एकाच दुकानातून आणि दुकानात वाजवून घ्या. यात्रेतून आणलेली एक बासरी अख्ख्या रांगेचा सूर घालवते. थंडीत बासरीचा सूर खाली उतरतो, म्हणून जानेवारीत आधी फुंकून गरम करायची आणि मग सूर जुळवायचा. बिगुलला कळा नसतात, सगळं ओठांवर. त्यातून मिळून पाचेक सूर वापरात येतात, सा, प, वरचा सा, ग आणि प. त्यावर कुठलंही गाणं वाजेल अशी आशा पाहुण्यांनी ठेवावी, तुम्ही ठेवू नका. बिगुलवाल्याचे ओठ लवकर थकतात, त्याला मधे मधे बसवा. आणि त्यालाही दुसरा हात हवा, किंवा दुसरे ओठ म्हणा.

गाणी कमी घ्या. राष्ट्रगीत 52 सेकंदांत व्हायला हवं. आमचं पहिल्यांदा मोजलं तेव्हा सव्वा मिनिट भरलं. घड्याळ लावून वाजवा. 2023 पासून 'जय जय महाराष्ट्र माझा' हे राज्यगीत आहे, तेही बसवावं लागतं, आणि त्यात मुलं जोशात पुढे पळतात. संचलनाची एक धून. आणि एक गाणं मुलांच्या पसंतीचं, मग ते तुम्हाला कितीही टुकार वाटो. त्या एका गाण्यासाठी ती बाकीची तीन निमूट घोटतात. मोबाईलवर रेकॉर्ड करून त्यांनाच ऐकवा. तुम्ही रागावण्यापेक्षा ते जास्त लागतं.

पाऊस उघडला की मैदानावर. खोलीत छान वाजणारा बँड चालायला लागला की सुटतो: बासरी ओठावरून घसरते, ड्रम मांडीवर आदळतो. आधी वाद्यांशिवाय नुसतं चालवा, मिनिटाला 120 पावलं, मग ड्रम, मग बासऱ्या. मोकळ्यावर आवाज मागे पोचायलाही वेळ लागतो. बास ड्रमपासून 40 मीटर मागे चालणाऱ्या मुलाला ठोका सेकंदाच्या साधारण आठव्या हिश्शानं उशिरा ऐकू येतो, आणि पाऊल तर दर अर्ध्या सेकंदाला पडतंय. म्हणजे मागच्या तुकड्या ढिसाळ नसतात, त्यांना ऐकूच उशिरा येतं. पीटीच्या सरांना हे एकदा समजावून सांगा, बँड तुकड्यांच्या मधे घ्या, आणि पीटीच्या सरांशी भांडण टाळा.

पंधरा ऑगस्ट होतो. तो बहुधा बराच होतो, आणि तोच धोका. मग गणपती, सहामाही, दिवाळीची सुट्टी, सहल, स्नेहसंमेलन. बँड कपाटात. नोव्हेंबरअखेर कपाट उघडा, आठवड्यातून दोन दिवस तरी. डिसेंबरात वाद्यं दुसऱ्या हातांकडे गेलेली असली पाहिजेत आणि त्या हातांनाही नवे दुसरे हात मिळालेले असले पाहिजेत. कंटाळलात? मीही. पण झेंड्यासमोरून लंगडत जाणारी शाळा तुम्ही पाहिलेली नाही.

आदल्या दिवशी पट्टे ज्याच्या त्याच्या उंचीला बांधून बघा, ड्रम फार खाली लोंबता कामा नये. जादा काड्या. सेलोटेप. कोण येणार नाही हे संध्याकाळी पाचला विचारा, सकाळी सातला नाही.

त्या दिवशी सगळ्यांना काहीतरी खायला घाला, उपाशी पोर बिगुल फुंकून चक्कर येऊन पडतं. राष्ट्रगीत पाहुण्याकडे बघून सुरू करायचं नाही, झेंड्याच्या दोरीकडे बघून. गाठ अडकली तर बँडनंही थांबायचं. मोबाईल बंद. आणि दुसरा हात कुठे आहे ते बघा, आत्ता इथेच होता. पाणी प्यायला गेला असेल.