स्वस्त इलेक्ट्रिक गिटारला नापास करण्याआधी या चुका टाळा

दुकानातल्या एकाच भिंतीवर स्क्वायरची (फेंडरचाच स्वस्त ब्रँड) स्ट्रॅट, म्हणजे स्ट्रॅटोकास्टर मॉडेल, आणि अमेरिकेत बनलेली फेंडरची स्ट्रॅट टांगलेली असते. दोन्ही पाच-पाच मिनिटं वाजवून लोक निकाल देऊन मोकळे होतात: स्वस्तातली बोटांना कडक लागते, सुरात राहत नाही, आवाजात दम नाही. एपिफोन (गिब्सनचा स्वस्त ब्रँड) आणि गिब्सनच्या लेस पॉल मॉडेलबद्दलही हेच ऐकू येतं. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ सेटअपमध्ये, म्हणजे नेक, तारांची उंची आणि सूर यांच्या जुळवणीत असतं. महाग गिटारवर कारखान्यात जास्त हात फिरलेला असतो, स्वस्त गिटारवर तो फिरायचा बाकी असतो. आधी तो फिरवा, मग तुलना करा.

एका पातळीवर न आणता केलेली तुलना

पहिली चूक तारांची. दुकानात महिनोन्‌महिने टांगलेल्या गिटारच्या तारा गंजलेल्या असतात, त्यातून कोणतीच गिटार धड बोलत नाही. दोन्हींवर एकाच मापाचा नवा सेट चढवा. स्ट्रॅटवर बहुधा नऊचा सेट (सर्वांत बारीक तार ०.००९ इंच) असतो, लेस पॉलवर दहाचा. जोडीही बरोबर लावा: स्क्वायर फेंडरसमोर, एपिफोन गिब्सनसमोर. फेंडरची स्केल लांबी (तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी) २५.५ इंच, गिब्सनची साधारण २४.७५. त्यामुळे एकाच मापाच्या तारा लेस पॉलवर मऊ लागतात. स्वस्त स्ट्रॅट वाजवून लगेच गिब्सन हातात घेतली की हा मऊपणा किमतीच्या खात्यावर जमा होतो.

मग मोजमाप. पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या, धातूच्या आडव्या पट्टीवर) कॅपो हा तारा दाबून धरणारा चिमटा लावा, जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट बघा. ती पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली बाक जुळवणारी सळई) एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नका, पुन्हा सुरात लावा आणि परत बघा. नेक जागेवर आल्यावरच ॲक्शनला, म्हणजे फ्रेटवरच्या तारांच्या उंचीला, हात घाला. स्ट्रॅटवर सतराव्या फ्रेटपाशी तारेची उंची सुमारे १.६ मिलिमीटर, लेस पॉलवर बाराव्या फ्रेटपाशी जाड तारेखाली २ आणि बारीक तारेखाली १.२ मिलिमीटरच्या जवळ ठेवा. इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागेल अशी जुळवणी, सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की प्रत्येक पायरी मागची पायरी बिघडवते.

मुंबई, कोकण, गोव्यात राहणाऱ्यांनी पावसाळा लक्षात ठेवावा. लाकूड दमट हवेत फुगतं, नेकचा बाक बदलतो. एसी शोरूममधली महाग गिटार आणि गोदामातून नुकतीच आलेली स्वस्त गिटार यांच्या ॲक्शनमधला फरक हवेचाही असू शकतो. दोन्ही दोन दिवस एकाच खोलीत ठेवा.

सूर उतरला की ट्यूनरवर राग

ही चूक खर्चिक आहे. लोक चांगले ट्यूनर (तारा ताणायच्या खुंट्या) विकत आणतात, बसवतात, आणि 'जी' (G) सुराची तार तरीही उतरतेच. गुन्हेगार बहुधा नट असतो, म्हणजे नेकच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी. लेस पॉलच्या हेडस्टॉकवर (खुंट्या असलेल्या टोकावर) 'डी' (D) आणि 'जी' तारा नटपासून बाजूला वळून जातात. खाच अरुंद असेल तर बेंड केल्यावर (बोटाने बाजूला ताणल्यावर) तार तिथेच अडकते. ट्यूनर फिरवताना नटपाशी 'टिक्' असा आवाज आला तर निदान झालंच समजा. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. तेवढ्याने भागलं नाही तर जाणत्या कारागिराकडून खाच तासून घ्या. नवीन तारा हाताने नीट ताणून घेतल्या आहेत ना, हेही बघा. हा दोष गिब्सनमध्येही सापडतो, फक्त तिथे त्याला कोणी स्वस्तपणा म्हणत नाही.

मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज नव्हे

जो पिकअप (तारेचं कंपन टिपणारा चुंबकी भाग) जोरात वाजतो तो कानाला सरस वाटतो. म्हणून एकच अँप, नॉबही जागच्या जागी, आणि दोन्ही गिटारींचा आवाज समान पातळीवर आणूनच ऐका. पिकअपची उंची स्क्रूने बदलते. तार फार जवळ आली की स्ट्रॅटचे चुंबक तिला ओढतात, सूर थरथरतो आणि इंटोनेशन जुळतच नाही. स्वस्त मॉडेलमध्ये बऱ्याचदा सिरॅमिक चुंबक असतात, महागात अल्निको या मिश्रधातूचे. हा फरक खरा आहे आणि ऐकूही येतो. पण पिकअप पुढे बदलता येतात. लाकडावर रात्र-रात्र वाद घालण्यापेक्षा मी आधी पिकअपची उंची मोजेन.

नावावरून ठरवणं

१९७० च्या दशकात अमेरिकन गिटारींच्या जपानी नकला इतक्या चांगल्या बनू लागल्या की फेंडरने १९८२ मध्ये जपानमध्येच स्क्वायर गिटार बनवायला सुरुवात केली. त्या फुजीगेन कारखान्यात बनल्या, आणि त्या सुरुवातीच्या स्क्वायर आज संग्राहक शोधत फिरतात. एपिफोन तर न्यूयॉर्कची जुनी, मानाची कंपनी होती. १९५७ मध्ये ती गिब्सनच्या मालकांनी घेतली. म्हणून फक्त नाव बघून गिटारला कमी लेखू नका.

पैसा नेमका कुठे दिसतो

फ्रेटच्या टोकांवरून बोट फिरवा. महाग गिटारवर ती गोलसर, स्वस्तावर कधी करवतीसारखी लागतात. स्विच, पॉट (आवाजाच्या नॉबखालचा भाग), जॅक, ब्रिजचा (तारा टेकतात त्या पट्टीचा) धातू, दोन नगांमधला सारखेपणा आणि पुनर्विक्रीची किंमत, इथे महाग गिटार पुढेच राहते. म्हणून स्वस्त गिटार घेताना त्याच मॉडेलचे दोन-तीन नग वाजवून निवडा. टोकं घासता येतात, जॅक नवा बसतो, नट बदलतो. पण सेटअपनंतरही नेक पिळलेली दिसली किंवा ट्रस रॉड पूर्ण फिरवूनही बाक गेला नाही, तर खर्च करत बसू नका. पावती घेऊन तो नग परत करा.